ताप गेला, सांधे धरूनच राहिले
चिकुनगुन्यानंतरची दीर्घ सांधेदुखी आणि आपला भाताचा हंगाम

जव्हार-मोखाड्यात ताप नवा नाही. पावसाळा आला की हिवताप आला, हे इथल्या पोरालाही ठाऊक. पण काही ताप असे असतात की ते चार-आठ दिवसांत उतरतात आणि जाताना माणसाचे हातपाय गहाण ठेवून जातात. चिकुनगुन्या हा त्यातला मुख्य. ताप गेला म्हणून घरचे म्हणतात, "आता बरा झालास, चल शेतावर." आणि त्या माणसाला तर सकाळी उठून तांब्या धरता येत नाही. मनगट सुजलेले, बोटे आखडलेली, टाच जमिनीला टेकवत नाही. मग कोणी म्हणते आळस भरलाय, कोणी म्हणते बाहेरचे काही लागले असेल, भगताला दाखवा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे दुखणे खरे आहे. आळस नाही आणि करणीही नाही. ते का होते, किती दिवस टिकते आणि त्या काळात शेतीचे काय करायचे, हे समजून घेण्यासारखे आहे.

नावातच दुखणे

हा आजार प्रथम ओळखला गेला तो 1952 साली, आफ्रिकेत आजच्या टांझानिया देशाच्या दक्षिण भागात. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून चिकुनगुन्या हे नाव आले. त्याचा अर्थ, जे माणसाला वाकवते ते. रोगी सांध्यांच्या कळांनी दुमडून चालत, त्यावरून हे नाव पडले.

आपल्या राज्याला हा आजार नवखा नाही. 1973 साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. पुढे तीसएक वर्षे तो जवळजवळ विसरला गेला. 2005 च्या अखेरीस तो परत आला आणि 2006 साली मालेगाव, मराठवाडा करत राज्यभर फिरला. त्या एका वर्षात देशात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातले अडीच लाखांहून अधिक होते. गावेच्या गावे काठी टेकत चालताना दिसत. अलीकडे 2024 साली नागपूर आणि पुणे भागांत पुन्हा मोठ्या संख्येने रुग्ण आढळले. म्हणजे हा पाहुणा गेला असे समजून चालणार नाही.

विषाणू जातो, सूज राहते

चिकुनगुन्याचा विषाणू साधारण आठवडाभरात रक्तातून नाहीसा होतो. पण तेवढ्यात तो सांध्यांच्या आतल्या अस्तरात शिरलेला असतो. त्याच्याशी लढताना शरीर तिथे सूज आणते. शत्रू गेला तरी ही लढाई लगेच थांबत नाही. पूर ओसरला तरी खाचरात गाळ राहतो, तसेच समजा.

बरेच लोक काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. पण काहींचे दुखणे तीन महिन्यांच्या पुढे जाते, थोड्यांचे वर्षभर किंवा त्याहून जास्त रेंगाळते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06 साली जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्येला हा ताप आला होता. तिथल्या अनेक रुग्णांचे सांधे वर्ष-दीड वर्षानंतरही दुखत होते. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेले, सुरुवातीला फार जोराचा त्रास झालेले आणि आधीपासून संधिवात असलेले, यांना हा धोका जास्त.

दुखणे बहुधा बोटे, मनगटे, घोटे, टाचा आणि गुडघ्यांत असते. सकाळी सांधे आखडतात, दुपारपर्यंत थोडे सैल होतात. एक दिवस बरे वाटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा कळा. ही चढउतार या आजाराची रीतच आहे. काल काम केले आणि आज झोपून आहे, म्हणून कोणी सोंग करतो असे म्हणू नये.

सुईचा मोह नको

आता सर्वांत महत्त्वाचे. या विषाणूला मारणारे खास औषध नाही. त्रास कमी करणे आणि सांधे जपणे एवढाच उपचार. आपल्याकडे मात्र बाजाराच्या दिवशी "एक सुई मारा, लगेच उभा करा" अशी मागणी होते, आणि सुई मारणारेही भेटतात. अशा सुईत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. दोन दिवस माणूस पळतो, चौथ्या दिवशी पुन्हा आडवा. असे वारंवार केले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, इतर रोग बळावतात. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठरात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

तापाच्या दिवसांत तर आणखी जपावे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच डासाने पसरतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंग्यू असताना अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अशा गोळ्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका असतो. तपासणी होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टर सांगतील तेवढी. खाचरात काम करणाऱ्यांना लेप्टोचा तापही होतो आणि त्याचे औषध वेगळे असते. म्हणून अंदाजाने ठरवू नका. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि रक्त तपासून घ्या.

ताप उतरल्यावर पहिले काही दिवस विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे. सुजलेल्या सांध्याला गार पट्टी बरी वाटते. पुढे सकाळच्या आखडलेपणाला कोमट पाण्याचा शेक द्यावा. निगडीचा पाला गरम करून शेकायला हरकत नाही. मात्र खाटेला धरून राहू नये, नाहीतर सांधे जास्तच आखडतात. बोटे उघडणे-मिटणे, घोटा फिरवणे, थोडे चालणे रोज वाढवत न्यावे. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. काहींना संधिवाताची वेगळी औषधे द्यावी लागतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

हंगाम थांबत नाही

आपल्या भागात खरी अडचण पुढेच आहे. हा ताप जास्त करून पावसाळ्यात आणि त्यानंतर येतो. जुलैत आला तर लावणी गेली. ऑगस्ट-सप्टेंबरात आला तर दुखणे कापणी, झोडणी आणि दिवाळीनंतरच्या वीटभट्टीच्या कामापर्यंत पुरते. ज्या घरात दोनच हात कमावणारे, तिथे तीन महिने म्हणजे वर्षाचा हिशेब. मग मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि दुखत्या हातांनी ती फेडावी लागते.

यावर काही गोष्टी करता येतील. भाताचे रोप साधारण 21 ते 25 दिवसांचे झाले की लावावेच लागते, ते आपल्या सांध्यांसाठी थांबत नाही. अशा घराचा आवण सावडीने आधी उरकून द्यावा. बरे झाल्यावर तो माणूस परतफेड करीलच. दिवसभर वाकण्याचे काम टाळायचे तर काही क्षेत्रावर पेरभात करून पाहावा. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. मात्र त्यात तणाचा बंदोबस्त नीट करावा लागतो, म्हणून आधी कृषी खात्याच्या माणसाशी बोलून घ्या. कापणीला दातेरी वैभव विळा वापरला तर मनगटावर जोर कमी येतो. विळ्याच्या मुठीला जुने कापड गुंडाळून ती जाड करा, सुजलेल्या बोटांना धरायला सोपी जाते. नाचणी-वरईची मळणी, बी निवडणे, राखण ही बसून होणारी कामे अशा माणसाकडे द्यावीत.

पिंपातला शत्रू

हा डास दिवसा चावतो, पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो गटारात नव्हे तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे पाऊस मुसळधार, तरी उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून घरोघर पिंपे भरलेली असतात. पाणी साठवू नका असे कोणत्या तोंडाने सांगायचे? साठवा, पण झाकून. पिंपाला घट्ट झाकण किंवा तोंडाला जुने लुगडे बांधा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून आतून घासा. नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत असतात. छपरावरचे टायर, करवंट्या, बांबूची कापलेली ठुंठे यांतले पाणीही काढा.

ग्रामपंचायतीने हा कोरडा दिवस दवंडी देऊन ठरवावा. एका पाड्यावर एकाच वेळी तीन-चार घरांत ताप आणि सांधेदुखी दिसली की आशाताईंमार्फत आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. रोजगार हमीच्या कामावर अशा मजुराला पाणी पाजणे, मुले सांभाळणे असे हलके काम द्यावे. खोदाईला लावून त्याचा दिवस भरत नाही आणि दुखणेही वाढते.

एकदा हा आजार झाला की सहसा पुन्हा होत नाही, आणि रेंगाळलेले दुखणेही बहुतेकांचे हळूहळू सुटते. तोवर त्या माणसाला हवा असतो थोडा वेळ, योग्य दवाखाना आणि शेजाऱ्याचा हात. येत्या पावसाळ्याआधी आपल्या पाड्यावरची पिंपे मोजा, झाकणे मोजा. जिथे झाकण कमी पडेल, तिथे आधी ते आणा.