मोटारीसाठी नवी बॅटरी

मोटार सुरू झाली नाही की दोष बॅटरीचाच, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु तारांची जोडणी सैल असली किंवा अल्टरनेटर नादुरुस्त असला, तर नवी बॅटरीही लवकरच निकामी ठरते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या अग्रांवर साधारणपणे १४ व्होल्ट दाब आढळत असेल, तरच संशयाचा रोख जुन्या बॅटरीकडे वळवावा.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही कायम आहे : शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून वीज मिळते. बॅटरी नुसती पडून राहिली, तरी तिच्यातील विद्युत्भार हळूहळू घटतो आणि पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. उष्णतेत ही हानी अधिक वेगाने होते. म्हणूनच भारतासारख्या उष्ण देशात बॅटरीच्या नावाइतकीच तिची निर्मितितिथीही महत्त्वाची ठरते. दुकानातच मापक लावून पाहावे. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खाली काटा असल्यास ती घेऊ नये.

अँपिअर-तास, आकार व अग्रांची बाजू मोटारीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणेच असावी. हमीपत्र वाचताना विनामूल्य बदलीचा काळ किती आणि केवळ सवलतीचा किती, हे वेगळे पाहावे. जुनी बॅटरी मात्र विक्रेत्याकडेच परत करावी. तिच्यातील शिसे विषारी असते, पण ते वितळवून पुन्हा वापरता येते.