मदतीचे दोन हजार आणि आपली उधारीची वही

टाळेबंदी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत ८.७ कोटी शेतकऱ्यांना किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या प्रारंभीच देण्याचे ठरले. ही रक्कम नवी मात्र नव्हती. वर्षाला तीन हप्त्यांत मिळणाऱ्या ६,००० रुपयांपैकीच ती होती. केवळ लवकर हाती आली.

पालघर-बोईसर परिसरात किराणा, धान्य वा खत-बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांना या दोन हजारांची नेमकी किंमत ठाऊक आहे. त्या वर्षीच्या भावाने डीएपीची एक आणि युरियाच्या तीन पिशव्या घेतल्या की रक्कम संपली. बियाणे, नांगरणी, आवणीची मजुरी बाकीच राहिली. शिवाय येथील अनेक घरांत भातशेतीचा खर्च निघतो तो तारापूरच्या कारखान्यांतील किंवा बांधकामावरील मजुरीतून. कारखाने थांबले, तेव्हा खरिपाचे भांडवलही थांबले. डहाणू-घोलवडच्या चिकू बागायतदाराची अडचण निराळी होती. झाडावर फळ तयार होते. परंतु दूरचे बाजार आणि वाहतूक दोन्ही विस्कळीत झाले होते.

या साहाय्याची खरी मर्यादा रकमेपेक्षाही नावात होती. सन्मान निधी सातबाऱ्यावरील नाव पाहतो, नांगर धरणारा हात पाहत नाही. अर्धेलीने वा खंडाने जमीन कसणारा त्यात बसत नाही. आजोबांच्या निधनानंतर वारसनोंदच झाली नसेल, तर शेत कसणारा नातूही बाहेर राहतो.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती राज्याच्या खावटी अनुदान योजनेने. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ११.५५ लाख आदिवासी कुटुंबांसाठी प्रत्येकी ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. त्यातील निम्मे रोख आणि निम्मे डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ, चहा अशा वस्तूंच्या रूपात होते. येथे सातबाऱ्याची अट नव्हती. रोजगार हमीवरील मजूर, वनहक्कधारक आणि कातकरी कुटुंबे यांचा त्यात समावेश होता. परंतु टाळेबंदीतील पहिला पावसाळा सरत आला तेव्हा हा निर्णय झाला, आणि वाटप त्याहूनही पुढे गेले.

मधल्या त्या महिन्यांत घरे चालली ती गावच्या दुकानातील उधारीवर. ही उधारी निव्वळ दया नव्हती आणि निव्वळ धंदाही नव्हता; पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीवर तो व्यवहार चालला. म्हणूनच एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. गिऱ्हाईकाच्या खात्यात शासनाचा हप्ता जमा झाल्याचे कळताच जुनी बाकी त्यातून वळती करून घेणे उचित आहे काय? हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु बियाण्याचे पैसे जुन्या बाकीत गेले तर शेत पडीक राहते, आणि पडीक शेताच्या धन्याकडून पुढच्या दिवाळीलाही वसुली होत नाही.

आपल्या हातून होण्याजोगे आणखी एक काम आहे. वारसनोंद राहिलेल्या गिऱ्हाईकास तलाठ्याकडे जाण्याचा आग्रह करावा, अर्ज लिहून द्यावा, बँक खाते आधारशी जोडले आहे की नाही ते पाहून द्यावे. कोणत्या शेतात खरोखर कोण राबतो, हे सातबाऱ्यापेक्षा आपल्या वहीला अधिक ठाऊक असते.