हृदयरुग्णांचे पुनर्वसन : सलग चाल की चढ-उतार?

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेला रुग्ण घरी परतला म्हणजे कुटुंबीयांना पडणारा पहिला प्रश्न औषधांचा नसतो. त्याने आता उठावे, चालावे, शेतावर जावे की खाटेवरच पडून राहावे, हा तो प्रश्न असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी, अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांत तर तो अधिकच बिकट होतो. तेथे घरापासून विहिरीपर्यंत, पाड्यापासून रस्त्यापर्यंत जायचे म्हणजे चढ आणि उतार हे आलेच. शासनाच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हृदयाच्या शस्त्रक्रिया गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आल्या आहेत. तथापि, शस्त्रक्रियेने मोकळी झालेली रक्तवाहिनी आणि पुन्हा कामाला लागलेला माणूस यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते. ते अंतर कसे ओलांडावे, याचे शास्त्र म्हणजे हृदय-पुनर्वसन होय.

विश्रांतीचा अतिरेक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णास सहा-सहा आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवण्याचा प्रघात होता. हृदयाला पडलेली जखम भरून येण्यास तेवढा अवधी लागतो, ही त्यामागील समजूत अगदीच निराधार नव्हती. परंतु पडून राहिल्याने पायांच्या नसांत रक्ताच्या गाठी होत, स्नायू झिजत आणि रुग्णाचे मन खचत असे. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसविण्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज तो अगदी साधा वाटतो. त्या काळी मात्र ते धाडसच होते.

विश्रांतीची खरी किंमत १९६६ मध्ये डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगाने उघड केली. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. एवढ्या अल्प काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक-चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानानेही त्या तीन आठवड्यांएवढी हानी केलेली नव्हती, असे आढळून आले. ‘आजाऱ्याने हालू नये’ या आपल्याकडील मायेच्या आग्रहात केवढा धोका दडलेला आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दोन पद्धती

चालणे, सायकल चालविणे, पोहणे अशा ज्या व्यायामांत मोठे स्नायू तालबद्धपणे दीर्घकाळ काम करतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते, त्यांना एरोबिक व्यायाम म्हणतात. त्यांच्या सरावाने हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त फेकू लागते. स्नायूही आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू उचलू लागतात, आणि त्यामुळे तेवढेच काम हृदयाला कमी कष्टांत करता येते. खूप लाभ होतो तो या दुसऱ्या बदलामुळे. अशक्त हृदयाच्या रुग्णालाही व्यायामाचा गुण येतो तो यामुळेच.

हा व्यायाम देण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत रुग्ण मध्यम गतीने, न थांबता, अर्धा ते पाऊण तास चालतो. दुसरीत जोराचा आणि हलका व्यायाम आळीपाळीने येतो. नॉर्वेतील संशोधकांनी रूढ केलेल्या प्रकारात दहा मिनिटे अंग सैल केल्यावर चार मिनिटे जोराची चाल, मग तीन मिनिटे हलकी चाल, अशा चार फेऱ्या होतात. जोराच्या टप्प्यात नाडी रुग्णाच्या कमाल गतीच्या ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत नेली जाते. तपासणीत एखाद्याची नाडी जास्तीत जास्त मिनिटाला १३० पर्यंत जात असेल, तर जोराच्या टप्प्यात ती ११० ते १२४ च्या दरम्यान राहील. सलग पद्धतीत मात्र ती ९१ ते ९८ च्या आसपास ठेवली जाते.

२००७ मध्ये नॉर्वेतील २७ रुग्णांच्या अभ्यासाने या दुसऱ्या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले. आळीपाळीचा व्यायाम करणाऱ्यांची प्राणवायू-क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, तर सलग व्यायाम करणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. आकडे डोळे दिपविणारे होते, पण रुग्ण अवघे सत्तावीस होते. पुढे बेल्जियममध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २०० रुग्णांवर झालेल्या, २०१५ च्या अभ्यासात दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखीच, वीस टक्क्यांहून थोडी अधिक, भरली. २०१७ मध्ये युरोपातील नऊ केंद्रांतील, हृदय दुर्बल झालेल्या २६१ रुग्णांच्या अभ्यासातही आळीपाळीची पद्धत सरस ठरली नाही. या अभ्यासातील एक तपशील मोठा बोलका आहे. जोराचा व्यायाम सांगितलेल्यांपैकी निम्मे लोक सांगितल्यापेक्षा कमी जोर लावीत होते, आणि मध्यम व्यायाम सांगितलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक सांगितल्यापेक्षा अधिक जोर लावीत होते. कागदावरच्या दोन पद्धती प्रत्यक्षात एकमेकींजवळ सरकल्या होत्या!

धोक्याचा हिशेबही झालेला आहे. नॉर्वेतील तीन केंद्रांतील ४,८४६ रुग्णांच्या पावणेदोन लाखांहून अधिक तासांच्या व्यायामाची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम व्यायामाच्या सुमारे १,२९,००० तासांत हृदय बंद पडण्याची एक घटना घडली आणि तीत रुग्ण दगावला. जोराच्या व्यायामाच्या सुमारे ४६,००० तासांत अशा दोन घटना घडल्या आणि दोन्ही रुग्ण वाचले. धोका दोन्हीकडे अत्यल्प आहे. परंतु हे रुग्ण आधी तपासलेले होते, आणि ते वाचले ते मदत हाताशी होती म्हणून, हे विसरता येत नाही. धडगावच्या पलीकडील पाड्यावर ती तशी हाताशी नसते. म्हणून लाभ सारखाच असेल तर देखरेखीवाचून करावयाच्या व्यायामासाठी सलग मध्यम चाल हीच पहिली निवड ठरते.

सातपुड्यातील चाल

येथे एक अडचण उभी राहते. सपाटीवर ताशी चार किलोमीटर वेगाने चालताना शरीराला विश्रांतीच्या सुमारे तिप्पट प्राणवायू लागतो. त्याच वेगाने, शंभर मीटर अंतरात दहा मीटर उंची गाठणारा चढ चढताना तो सहापटीहून अधिक लागतो. शहादा किंवा नंदुरबारच्या सपाट रस्त्यावर जी मध्यम चाल, तीच तोरणमाळच्या वाटेवर जोराचा व्यायाम होऊन बसते. डोंगरातील रुग्णाने ठरविले नाही तरी त्याचा व्यायाम आळीपाळीचाच होतो. चढावर जोर, उतारावर विसावा. यास्तव आरंभीच्या आठवड्यांत त्याला गावातील त्यातल्या त्यात सपाट तुकडा, शाळेचे पटांगण किंवा नदीकाठची वाट, आखून देणे आवश्यक ठरते. दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांपासून प्रारंभ करून क्रमाने अर्ध्या तासापर्यंत जावे. चढ नंतर, आणि तोही वेग निम्म्यावर आणून.

नाडी मोजण्याचे यंत्र नसले तरी अडत नाही. किंबहुना हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना वयावरून काढलेला नाडीचा आकडा फसवाच ठरतो. चालता चालता दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, हे मध्यम व्यायामाचे माप होय. बोलताना शब्दागणिक श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करावा.

‘घरचे काम करतो, तोच व्यायाम’ असे पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा वाहताना स्नायू ताठरलेले राहतात आणि रक्तदाब एकाएकी चढतो. मोकळ्या हातांनी चालण्याचा गुण त्यात नाही. छाती उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे निदान दोन ते तीन महिने, ओझे उचलूच नये. हंगामात मिरचीच्या पथारींवर राबणाऱ्या बायांच्या बाबतीत ही सूट घरच्यांनीच आग्रहाने मिळवून द्यावी लागते.

काही रुग्णांना डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीवाचून जोराचा व्यायाम वर्ज्य आहे. संधिवाताच्या तापाने झडप आकुंचित झालेल्यांचे ठोके वाढले की हृदय भरण्यास वेळ अपुरा पडतो आणि फुप्फुसांत रक्त तुंबते. या जिल्ह्यात आढळणाऱ्या सिकलसेल विकाराच्या रुग्णांना शरीरातील पाणी घटणे धोक्याचे असते. वैशाखातील उन्हात त्यांनी चालूच नये. छातीत दाटणे, भोवळ, थंड घाम किंवा पायांवर नव्याने आलेली सूज दिसली, तर व्यायाम थांबवून त्वरित आरोग्य केंद्र गाठावे. आणीबाणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

ज्यांना चालणे अवघड, त्यांच्यासाठी आणखी एक वाट भारतातच चोखाळली गेली. देशातील २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत तेरा सत्रे, आणि पुढे घरी सराव. मृत्यू व पुन्हा येणारे झटके यांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही. मात्र रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामाकडे अधिक प्रमाणात परतले. शेतमजुराच्या घरी या दुसऱ्या गोष्टीचे मोल कमी लेखता येणार नाही.

प्रगती मोजण्यासाठीही महागडी साधने लागत नाहीत. ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीत किंवा व्हरांड्यात तीस मीटर अंतर मोजून दोन टोकांना खडूच्या खुणा कराव्यात. जवळ एक खुर्ची आणि घड्याळ असावे. रुग्णाने सहा मिनिटांत झेपेल तेवढे अंतर ये-जा करून चालावे आणि ते त्याच्या कागदावर लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी त्याच खुणांमध्ये पुन्हा चालताना २५ ते ३० मीटरची भर पडली, तर ती रुग्णाला स्वतःलाही जाणवण्याइतकी सुधारणा समजली जाते.