कोकणा, कोकणी आणि कोकणस्थ

शाळा सोडल्याच्या दाखल्यात राष्ट्रीयत्व, मातृभाषा, जात, जन्मस्थळ असे वेगवेगळे रकाने असतात. ते वेगळे का, हे जव्हार-मोखाड्याकडील वांगणीसारख्या गावात चटकन उमगते.

गावावरून माणसाला नाव देण्याची मराठीची रीत सोपी आहे. माणूस पुणेकर, पगडी पुणेरी. माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी. तसा वांगणीत राहणारा वांगणीकर, मग तो वारली असो, कातकरी असो वा बदलून आलेले गुरुजी. (बदलापूरपुढे वांगणी नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तिथले लोकही वांगणीकरच!)

घोटाळा होतो तो 'कोकण' या नावापाशी. कोकणात राहणारा तो कोकणी, असे आपण धरून चालतो. पालघर जिल्हा कोकण विभागात येतो, तेव्हा या अर्थाने वांगणीतले सारेच कोकणी. पण याच भागात 'कोकणा' ही आदिवासी जमात आहे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यात, गुजरातेत डांगमध्येही हे लोक आहेत. तिथे ते कोकणाबाहेर राहूनही कोकणाच असतात. उलट वांगणीचा वारली कोकणात राहूनही कोकणा नव्हे. कोकणा लोकांची बोली गोव्याच्या कोकणीहून वेगळी आहे. आणि 'कोकणस्थ'? शब्दाचा अर्थ कोकणात राहणारा, पण पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेले ब्राह्मण कुटुंबही कोकणस्थच. मूळ एकच स्थलनाम, पण प्रत्येक शब्दाचा गट निराळा. फळ्यावर वर्तुळे काढून हे छान दाखवता येते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोकणा, कोकणी, कुकणा' अशी एकत्र नोंद आहे. तिथला 'कोकणी' जमातवाचक आहे. रत्नागिरीचा रहिवासी त्यात आपोआप येत नाही. जातपडताळणीत शाळेच्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून पाहिल्या जातात. म्हणून पालकांनी 'कोकणा' सांगितले असता ते अशुद्ध मराठी समजून 'सुधारणे' आम्हांला धोक्याचे वाटते.

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र या साऱ्यांपुढे एकच शब्द येतो, भारतीय. सिंध १९४७ पासून पाकिस्तानात आहे, तरी उल्हासनगरचा सिंधी भारतीयच.

मुलांकडून घरातल्या माणसांचा असा तक्ता करून घ्यावा. जन्मजिल्ह्यात आजोबांपुढे ठाणे येईल आणि १ ऑगस्ट २०१४ नंतर जन्मलेल्या नातवापुढे पालघर. जमातीचा रकाना दोघांचा सारखाच राहील.