काट्यावर पास, अ‍ॅक्सलवर नापास!

ट्रक वजनकाट्यावर चढला, आकडा मर्यादेत आला, पावती हातात पडली. झालं? छे! माल किती, याइतकाच माल कुठे हा प्रश्नही वजनदार आहे!

माहीत आहे का, एक टन माल बाराशे किलोंचा होऊ शकतो? पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये 5 मीटर अंतर धरा. आता मागच्या अ‍ॅक्सलच्याही मीटरभर मागे, पार फाळक्याला खेटून, सिमेंटच्या 50 किलोंच्या 20 गोण्या रचा. माल 1,000 किलो, पण मागच्या चाकांवर बोजा 1,200! जादाचे 200 आले कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले! बैलगाडी उलाळ झाली की जू वर उठतं ना, तसंच. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकेनासं होतं, आणि घाटातल्या वळणावर हे फार महागात पडतं.

आता रस्त्याचं ऐका. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज किती पट? दोन? चार? अंदाजे 16 पट! अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक पळवून पळवून हा ‘चौथ्या घाताचा’ हिशेब निघाला. म्हणजे 20 टन दोन सारख्या अ‍ॅक्सलवर 10-10 असे न पडता 13 आणि 7 पडले, तर झीज थेट दीडपट. ट्रक तोच, माल तोच!

भारतात 2018 मध्ये चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. भार वाढला जेमतेम 13 टक्के, पण याच हिशेबाने झीज वाढते सुमारे 60 टक्के. डोळे विस्फारले ना?

हायवेवर एखाद्या ट्रकची चाकं अधांतरी दिसली तर घाबरू नका. तो लिफ्ट अ‍ॅक्सल! गाडी रिकामी असली की ड्रायव्हर तो उचलून घेतो. टायर वाचतात, डिझेलही वाचतं.

रेकॉर्ड हवाय? 2006, ऑस्ट्रेलिया: एका ट्रकने ओढले 112 ट्रेलर! लांबी जवळजवळ दीड किलोमीटर.

आणि आपल्या महाराष्ट्रातून निघालेला तो 74 चाकांचा ट्रक माहीत आहे का? जुलै 2019 मध्ये तो तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे 70 टनांचं ऑटोक्लेव्ह नावाचं यंत्र घेऊन निघाला. इतक्या चाकांत वाटणी झाल्यावर एकेका चाकाच्या वाट्याला यंत्राचा एक टनही आला नाही. वाटेत लॉकडाऊन लागला, आणि स्वारी मुक्कामी पोचली जुलै 2020 मध्ये!