विश्लेषण : सप्ताहाच्या पंगतीला वाढपी कधीच कमी का पडत नाहीत?

ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, पण त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताहाची हजारोंची पंगत एकही पगारी माणूस न ठेवता उठते. रेणापूर परिसरातील सप्ताहापासून नांदेडच्या लंगरपर्यंत ही सेवा कशी चालते, माणसे ती का करतात आणि ती कुठे कमी पडते, याचा हा आढावा.

लातूरहून अंबाजोगाईकडे जाताना रेणापूर लागते. रेणुकादेवीचे हे गाव. नवरात्रात इथे दर्शनाच्या रांगा लागतात आणि आसपासच्या गावांत वर्षातून एकदा तरी सप्ताह बसतो. काल्याच्या दिवशी दुपारी कीर्तन संपते, मंडपात पत्रावळ्यांच्या रांगा पडतात आणि बादल्या घेऊन तरुण मुले धावू लागतात. कुणी वरण वाढतो, कुणी भात, कुणी बुंदी. यातली निम्मी मुले पुण्यात नोकरीला असतात आणि सुटी टाकून आलेली असतात. घरी स्वतःचे ताट न उचलणारा मुलगा इथे दुसऱ्यांच्या उष्ट्या पत्रावळ्या उचलतो. हे नेमके का घडते?

सप्ताहाचे काम चालते कसे?

सप्ताह म्हणजे सात दिवसांचा कार्यक्रम. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या काळात वीणा खाली ठेवायची नाही, हा मुख्य नियम. म्हणून पहाऱ्याची यादी लावली जाते. ठरलेल्या तासांना ठरलेला माणूस येतो, आधीच्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्री तीनची पाळी असली तरी माणूस येतो, कारण तो आला नाही तर आधीच्याला हलता येत नाही.

जेवणाचेही तसेच. महिनाभर आधी मंदिरात बैठक होते. पट्टी ठरते. कुणी रोख देतो, कुणी ज्वारी, गहू किंवा तूरडाळ. एकेका दिवसाची पंगत एकेका घराकडे किंवा भावकीकडे जाते. पोळ्या गावातल्या घराघरांत वाटून दिल्या जातात आणि ठरलेल्या वेळी त्या गोळा करायला ट्रॅक्टर फिरतो. आचाऱ्याच्या हाताखाली भाजी चिरणारे वेगळे, चुलवणात सरपण सारणारे वेगळे, पाण्याचा टँकर सांभाळणारे वेगळे.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टच्या गटात चार जण होते आणि काम एकटा करत होता. सप्ताहात ते होत नाही, कारण इथे काम लहान तुकड्यांत वाटलेले असते, ते कुणालाही जमण्यासारखे असते आणि कुणाचे काम अडले ते लगेच दिसते. या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे : श्रद्धा माणसाला मंडपापर्यंत आणते, पण त्याच्या हातात बादली देण्याचे काम ही व्यवस्था करते.

माणसे सेवा का करतात?

विचारले तर बहुतेक जण एकाच शब्दात उत्तर देतात : पुण्य. पण त्या एका शब्दात बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. ई. गिल क्लेरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या प्रेरणांची सहा गटांत मांडणी केली. आपली मूल्ये जगणे, नवे काही शिकणे, आपल्या माणसांत सामील होणे, कामधंद्याला उपयोग होणे, मनातली अपराधी भावना किंवा एकटेपणा हलका करणे आणि स्वतःबद्दल बरे वाटणे, हे ते सहा गट. एकाच माणसात यातल्या अनेक प्रेरणा एकत्र असू शकतात, हा या मांडणीचा गाभा.

सप्ताहात हे सगळे दिसते. नवस फेडायला आलेली आई असते. वडील गेल्यानंतर त्यांची पहाऱ्याची पाळी आपल्याकडे घेतलेला मुलगा असतो. सरपंचपदाची तयारी करणारा कार्यकर्ताही असतो आणि त्याचे फ्लेक्स मंडपापेक्षा मोठे असते. अर्थतज्ज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० च्या सुमारास असे मांडले की, दान देणाऱ्याला देण्यातूनच समाधानाची एक ऊब मिळते आणि तीही दानामागचे एक कारण असते. म्हणजे सेवा निव्वळ निःस्वार्थ नसते. पण जेवणाऱ्याच्या पत्रावळीवरचा भात त्यामुळे कमी होत नाही.

मग नुसती श्रद्धा पुरेशी आहे का?

याचे उत्तर शोधणारा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. त्यातल्या काहींचा विषय होता बायबलमधील ‘भला शोमरोनी’, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस विव्हळत बसलेला होता. त्याला संशोधकांनीच बसवले होते.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीसाठी थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के थांबले. उशीर झाला आहे, असे सांगितलेल्यांपैकी मात्र फक्त १० टक्के. डोक्यात कोणत्या विषयाचे भाषण आहे, याने ठळक फरक पडला नाही. कोण थांबणार, हे धार्मिकतेच्या प्रकारावरूनही सांगता आले नाही.

हा प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण सप्ताहाचे यश समजून घ्यायला तो मदत करतो. सप्ताह माणसाची घाईच काढून घेतो. ते सात दिवस आधीच राखून ठेवलेले असतात. शेतीची कामे त्याभोवती बसवली जातात, रजा आधी टाकली जाते. आपण मदत करावी का, हा प्रश्न ऐनवेळी उभाच राहत नाही.

नांदेड आणि शेगाव काय शिकवतात?

‘पंगत’ हा शब्द मराठीत आहे तसा पंजाबीतही आहे. शीख परंपरेत आधी पंगत, मग संगत असे मानतात : आधी सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेवा, मग सत्संगाला या. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण नांदेडला झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. लंगरमध्ये जेवणाऱ्याला जात, धर्म, गाव काहीच विचारले जात नाही. भांडी घासणे, भाविकांचे जोडे सांभाळणे ही हलकी नव्हे तर मानाची सेवा समजली जाते. या परंपरेशी मराठवाड्याचे नाते जुने आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानातही हेच सूत्र दिसते. तेथे सेवेकऱ्यांना पाळी लावून दिलेली असते आणि सेवेसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागते. संस्थानाच्या कारभाराला ही शिस्त लावणारे शिवशंकरभाऊ पाटील यांचे ऑगस्ट २०२१ मध्ये निधन झाले, पण पाळ्या चालू राहिल्या. जी सेवा एका माणसाच्या उत्साहावर नव्हे तर पाळीवर उभी असते, ती त्या माणसामागेही टिकते.

संकटाच्या वेळी ही सवय कामी येते का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो जण दगडमातीच्या घरांखाली गेले. कोणत्याही भूकंपात पहिल्या काही तासांत ढिगारा उपसणारे हात शेजारपाजाऱ्यांचेच असतात. त्यानंतर देशभरातून धार्मिक आणि सामाजिक संस्था आल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ब्लँकेट वाटून परत जाणे सोपे असते. त्या मुलांची शाळा पुरी होईपर्यंत जबाबदारी घेणे ही सेवेची पुढची पायरी होती.

२०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातील करंजीजवळ महामार्गावरचा लंगर चर्चेत आला. नांदेडला जाणारे शीख यात्रेकरू एरवी तिथे थांबत. टाळेबंदीत पायी घरी निघालेले मजूर, ट्रकचालक आणि आसपासच्या गावांतले लोक तिथे जेवले. ८१ वर्षांचे बाबा कर्नेलसिंग खैरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा आठवड्यांत वीस लाखांहून अधिक लोकांना जेवू घातल्याचे त्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. हे शक्य झाले, कारण चूल, भांडी आणि हात तिथे आधीपासून होते. संकट आले तेव्हा फक्त जेवणाऱ्यांची संख्या वाढली.

सेवेत कोण मागे राहते?

इथे थोडे थांबायला हवे. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकार, मृदंगाचार्य, अन्नदाते अशी नावे छापली जातात. पण ज्यांनी सात दिवस पिठाचे गोळे मळले, त्या बायकांची नावे त्यात क्वचितच असतात. पोळ्या त्यांच्या, वाढपी मुलगे आणि आभार पुरुषांचे, असा प्रकार आजही दिसतो. त्यांच्या कामाला घरकाम समजले जाते. तेच काम मंडपात पुरुषाने केले की त्याला सेवा म्हणतात.

दुसरा प्रश्न जातीचा. संत चोखामेळा यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, मंदिरात नाही. ते मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. वेगळ्या पंगतीची आठवण गावातल्या जुन्या माणसांना आहे. आज मंडपात सगळे शेजारी बसतात, पण कुणाच्या हातचे खाल्ले जाते आणि आचाऱ्याच्या कढईजवळ कोण जाऊ शकते, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. ज्याला फक्त जेवायला बोलावले जाते, वाढायला नाही, तो अजून पाहुणाच असतो.

गाडगेबाबांनी हे ओळखले होते. दिवसा ते हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

चांगल्या मनाने केलेली सेवा धोक्याची ठरू शकते का?

होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एकादशीच्या महाप्रसादातून सुमारे दोन हजार जणांना विषबाधा झाली. भगर खाऊन त्रास झाल्याच्या घटना मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत वारंवार घडतात. भगर किंवा तिचे पीठ जुने झाले, ओलसर जागेत राहिले की त्याला बुरशी लागते. म्हणून सुटे पीठ न घेता पाकीटबंद भगर तारीख पाहून घेणे, ती निवडून धुऊन वापरणे आणि शिजवलेले अन्न तासन्‌तास न ठेवणे, ही काळजी महाप्रसाद करणाऱ्यांनी घ्यायलाच हवी.

ज्या गावात वीणा कुणाच्या गळ्यात किती वाजता असेल याची यादी लागते, तिथे धान्य कोणी तपासले, पाण्याच्या टाकीत औषध कोणी टाकले, याचीही यादी लागू शकते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. त्याच वहीत आणखी दोन रकाने आखावे लागतात.

उरलेल्या दिवसांचे काय?

सप्ताह संपतो, मंडप उतरतो आणि पत्रावळ्यांचा ढीग गावाबाहेर पडून राहतो. शाळेची पाण्याची टाकी धुवायला किंवा रक्तदान शिबिराला तीच मुले येत नाहीत, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. त्यावर मुले बिघडली, हे उत्तर सोपे आहे. पण त्यांच्यात सेवावृत्ती नाही असे म्हणावे, तर मंडपातले दृश्य आठवते.

फरक बोलावण्यात आहे. सप्ताहात प्रत्येकाला कुणीतरी नाव घेऊन काम सांगते. ग्रामसभेची मात्र नोटीस फलकावर लागते. सप्ताहात काम दोन तासांचे असते आणि संपल्यावर सोबत जेवण असते. श्रमदानात काम किती वेळ चालेल, कोण येईल, काहीच ठरलेले नसते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ‘जलयुक्त लातूर’ चळवळीतून मांजरा नदीचे पात्र खोल करण्यासाठी नागरिक, व्यापारी, डॉक्टर आणि संस्था एकत्र आल्या. काम मोजता येण्यासारखे होते आणि ज्याला त्याला आपला वाटा माहीत होता. त्यामुळे ते झाले.

काल्याच्या दिवशी शेवटची पंगत वाढप्यांची असते. दिवसभर धावलेली मुले तेव्हा एका रांगेत बसतात आणि गावातली मोठी माणसे त्यांना वाढतात. भात थोडा गार झालेला असतो, बुंदी तळाला गेलेली असते. तरी ती पंगत सगळ्यांत जास्त वेळ चालते. त्याच पंगतीत वही काढून पुढच्या महिन्यात शाळेच्या टाकीची पाळी कुणाची, हे विचारून पाहायला हरकत नाही. नावे मिळण्याची शक्यता त्या दिवशी सर्वाधिक असते.