सायकलची यंत्ररचना – लेखांक ९ : ब्रेकमधील तेलाची निवड

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये बोटांचा जोर लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत नेण्याचे काम नळीतला द्रव करतो. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे लिव्हरच्या लहान दट्ट्याने निर्माण केलेला दाब कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. हा द्रव दोन प्रकारचा असतो : मिनरल ऑइल, नाहीतर डॉट दर्जाचे ब्रेक फ्लुइड. यांपैकी सरस कोणते, यावर सायकलस्वारांमध्ये पुष्कळ वाद होतो. प्रत्यक्षात ब्रेक विकत घेतला की निवड संपते, कारण आतल्या रबरी सीलांनी ती आधीच केलेली असते.

डॉट फ्लुइड ग्लायकॉल इथर या रसायनावर आधारलेले असते आणि त्यासाठीचे सील सहसा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर मिनरल ऑइलमध्ये फुगते. मिनरल ऑइलच्या ब्रेकमधले नायट्राइल रबर डॉट फ्लुइडमध्ये असेच बिघडते. सील फुगला की दट्टे मागे सरकत नाहीत, पॅड डिस्कला घासत राहतात आणि पुढे गळती सुरू होते. चुकीचे तेल भरल्यावर सुरुवातीला ब्रेक अगदी व्यवस्थित लागतो, म्हणून ही चूक फार धोकादायक आहे. आपल्याकडे मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात डॉट ३ किंवा डॉट ४ चे ब्रेक ऑइल सहज मिळते आणि मिनरल ऑइल मात्र शोधावे लागते. हाताशी असलेली बाटली शिमानोच्या मिनरल ऑइलवरच्या ब्रेकमध्ये रिकामी होते ती यामुळेच.

शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, तर होप आणि हेझ यांचे डॉटवर. स्रॅमबाबत मात्र नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. या कंपनीचे बहुतेक ब्रेक वर्षानुवर्षे डॉटचेच होते. पण २०२२ मधला डीबी८ आणि २०२४ मधला मेव्हन मिनरल ऑइलचे आहेत. त्यामुळे कंपनीचे नाव पाहून तेल ठरवू नये. लिव्हरवरील किंवा टाकीच्या झाकणावरील अक्षरे वाचावीत, ती पुसली असतील तर मॉडेलची माहितीपत्रिका पाहावी.

डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाची आद्याक्षरे. त्या देशाच्या मोटार वाहन सुरक्षा मानक ११६ नुसार ताजे फ्लुइड किमान किती तापमानाला उकळावे, हे ठरलेले आहे : डॉट ३ साठी २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि डॉट ५.१ साठी २६०. उकळबिंदूला एवढे महत्त्व उतारामुळे येते. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४.४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणण्यास याहून कमी ऊर्जा पुरते. संथपणे, सतत ब्रेक दाबत उतरल्यास यातला मोठा भाग डिस्कमध्ये उष्णता होऊन जातो. त्यातली काही पॅड आणि दट्ट्यांमार्गे कॅलिपरमधल्या थोड्याशा तेलात शिरते. ते उकळले तर वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलला टेकला तरी चाक थांबत नाही.

डॉट फ्लुइड हवेतले पाणी शोषून घेते आणि त्याचा उकळबिंदू घसरत जातो. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर डॉट ४ चा उकळबिंदू १५५ आणि डॉट ५.१ चा १८० अंशांवर येऊ शकतो. म्हणून हे फ्लुइड वर्षातून एकदा बदलणे योग्य. कोकणच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये. डॉट ४ आणि डॉट ५.१ एकमेकांत मिसळता येतात. डॉट ५ मात्र आकड्याने जवळचे वाटले तरी सिलिकॉनचे असते, ते या दोन्हींत मिसळत नाही आणि सायकलच्या डॉट ब्रेकमध्ये घालू नये.

मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, म्हणून ते कधीच बदलावे लागत नाही असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. आत शिरलेले पाणी तेलात न मिसळता थेंबांच्या रूपात राहते आणि तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते. तळाशी असतो कॅलिपर, म्हणजे तेल असलेल्या भागांपैकी सर्वांत तापणारा भाग. तिथे ते थेंब १०० अंशांच्या आसपासच वाफ होतात. शिवाय सायकलच्या मिनरल ऑइलला डॉटसारखे सामाईक मानक नाही. शिमानोचे तांबूस आणि मागुराचे निळे तेल वेगवेगळ्या मिश्रणाचे असते, तेव्हा ब्रेकच्या कंपनीने सांगितलेलेच भरणे बरे. शिलाई मशीनचे तेल किंवा बेबी ऑइल स्वस्त पडते, पण जीव ज्या यंत्रावर सोपवायचा त्यात असली काटकसर करू नये.

डॉट फ्लुइड रंग खाते. फ्रेमवर सांडले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे आणि काम करताना हातमोजे घालावेत. मिनरल ऑइल रंगाला आणि त्वचेला सौम्य असते. पॅडवर मात्र दोन्हींपैकी काहीही लागले तरी पॅड सहसा बदलावेच लागतात. हवा काढण्याच्या सिरिंज आणि नळ्या दोन तेलांसाठी वेगळ्या ठेवाव्यात, कारण सिरिंजमध्ये उरलेले तेल दुसऱ्या ब्रेकमध्ये जाते.

चुकीचे तेल भरले गेल्याचे लक्षात आले तर ती सायकल चालवू नये. नुसते तेल काढून योग्य तेल भरल्याने भागत नाही, कारण रबरात मुरलेले तेल तसे निघत नाही. नळी आणि दोन्ही टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन लिव्हर आणि कॅलिपर दोन्हींतले सील नवे घालावे लागतात. काही ब्रेकांचे सील सुटे मिळत नाहीत. तिथे लिव्हर आणि कॅलिपर पूर्ण बदलण्यावाचून पर्याय नसतो.